काळ्या डगल्यातला मास्तर

जादूच्या विद्यापीठाची ती कादंबरी मी पहिल्यांदा वाचली नव्व्याण्णव साली, नुकताच मास्तर झालो तेव्हा. गोंदिया स्टेशनवर घेतलेला हिंदी अनुवाद. त्यातल्या दगडी विद्यापीठाचे दिवे आत पोरं असतील तोवरच जळतात. म्हणून दरवर्षी काळ्या डगल्यातला एक म्हातारा मास्तर गावोगाव फिरतो आणि आयांशी गोड बोलून पोरं घेऊन येतो. शिकून बाहेर पडलं की त्या जादूचा काडीचा उपयोग नसतो. म्हाताऱ्याला ते ठाऊक असतं.

काय खलनायक होता! स्टाफरूममध्ये शाल पांघरून मी त्याची नक्कल करायचो. तक्रार एकच. शेवटच्या प्रकरणात एक आई विचारते, शिकून पुढे काय? आणि हा पोपट चक्क गप्प! आई तरीही पोरगं त्याच्या हाती देते. म्हणजे तिच्यावर मंत्र चालवला असणार, असं मी धरून चाललो. लेखकाला संवाद सुचला नाही, असंही सांगत सुटलो. मी असतो तर भाषण ठोकलं असतं.

पुढे ठोकलंच. आमच्याकडे खाजगी शाळांचे मास्तर मे महिन्यात पोरं शोधत दारोदार फिरतात. पोरं कमी पडली की तुकडी तुटते, आणि शेवटी लागलेला मास्तर अतिरिक्त ठरतो. आमच्या शाळेत शेवटी लागलेला मी.

दहा-बारा वर्षांनी, अशाच एका मे महिन्यात, कादंबरी पुन्हा हाती घेतली आणि हसू फुटलं. लेखकाने पहिल्याच पानावर म्हाताऱ्याच्या झिजलेल्या चपला दाखवल्या होत्या. माझं लक्ष डगल्यावर! शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, तेव्हा मी दवनीवाड्याकडच्या एका घरी गेलो. एका पोरीवाचून तुकडी अडली होती. तिची आई अंगणात तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होती.

"या जी सर. तुमच्या आंधी दोन मास्तर येऊन गेले. एक दप्तर देतो म्हणे, एक आटो लावतो म्हणे. तुमी का देता?"

"सायकल!" मी दोन्ही हात पसरून म्हणालो, राजाने राज्य द्यावं तसं.

"मोठ्या पोट्ट्यालेबी तुमीच नेलतं. सायकल देल्ली होती."

"मग! कुठे आहे तो?"

"हैदराबादले फरश्या बसवून राहिला. सायकल आहे घरीच." तिने पुडा घट्ट आवळला. "आता हिले नेऊन राहिले. शिकून पुढं का जी?"

भाषण पाठ होतं. तोंड उघडलं. मग मिटलं.

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग आत गेली आणि पोरीचा शाळेचा दाखला आणून माझ्या हाती दिला.

"घेऊन जा. तुमची तरी नोकरी राहीन."

घरी येऊन शेवटचं प्रकरण वाचलं. मंत्र कुठेच नव्हता. आई म्हाताऱ्याच्या चपलांकडे बघते, एवढंच लिहिलं होतं. असं लिहिणाऱ्याला मी कच्चा म्हणत होतो!

तुकडी राहिली. जूनमध्ये पोरगी सायकलवर आली, पहिल्या बाकावर बसली. मी हजेरी घेतली.

"हजर, सर," ती म्हणाली.