जुनिपरच्या रानाचा जुना नकाशा

त्या नकाशावर जुनिपरचं एकेक झाड बारीक कुंचल्याने काढलेलं होतं. माझ्या जन्माआधी कुण्या सर्वेक्षकाने हिमालयापलीकडचं ते थंड, कोरडं रान पायी फिरून मोजलं होतं. आता त्याचा नवा नकाशा करायला मी गेलो होतो. माझ्याकडे उपग्रहाशी बोलणारी यंत्रं होती, तरी आठवडाभर शोधूनही त्या सर्वेक्षकाचा एकही ओढा चुकलेला सापडेना. न पाहिलेल्या माणसाचा इतका हेवा वाटू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मेंढ्या वळणाऱ्या एका म्हातारीला मी तो नकाशा दाखवला. ती हरखून गेली.

"हे साहेब आमच्याकडेच राहायचे. मी लहान होते. एकेका झऱ्याचं नाव ते माझ्या आईला तीनतीनदा विचारायचे."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही आल्यापासून यंत्राकडेच बघताय."

मी घाईघाईने वही काढली आणि समोरच्या झऱ्याकडे बोट दाखवलं. "याचं नाव काय, आजी?"

ती हसली.

"त्यांनी लिहिलंय की. वाचा ना."