वरच्या खुंटीवरचा ॲप्रन

माझी मावशी जेमतेम माझ्या खांद्याला लागते, पण नाकावर माशी बसू देत नाही. एका बेकरीत तिने अर्धं आयुष्य पावाचं पीठ मळलं. मळायचं यंत्रच, पण पीठ जमलं की नाही हे तिची बोटं सांगायची. गिऱ्हाइकं मालकाला सोडून तिलाच विचारायची. त्यामुळे मालक तिला पाण्यात पाहायचा.

त्या बेकरीत एक रीत होती. यंत्रात हात घालायचा तर आधी आपला ॲप्रन काढून बटणावर अडकवायचा. ॲप्रन दिसला की बटणाला कुणी हात लावायचा नाही.

मावशीने स्वतःची बेकरी काढायचं ठरवलं आणि तसं मालकाला तोंडावर सांगितलं. "हातात कसब आहे म्हणून माज चढलाय तुला," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत दोघंच होती. मावशी यंत्राचं भांडं पुसत होती आणि यंत्र सुरू झालं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

कोर्टाने भरपाई ठरवली. मालकाने लगेच दिवाळखोरीचा अर्ज टाकला. बँकेचं, मैदावाल्याचं, मावशीचं, सगळंच देणं धुऊन निघणार होतं. आमची वकीलबाई म्हणाली, "जाणूनबुजून केलेल्या इजेचं देणं दिवाळखोरीत बुडत नाही. पण त्याने मुद्दाम केलं हे दाखवावं लागेल."

"सोड ना आता," आई म्हणाली. "जीव वाचला हेच खूप."

"बोटं माझी गेली. सोडणारी तू कोण?"

कोर्टात मालक म्हणाला, "चुकून धक्का लागला साहेब. आणि हिने ॲप्रन बटणावर लावलाच नव्हता. दाराशी वरच्या खुंटीवर होता, मी डोळ्यांनी पाहिला." चोराच्या उलट्या बोंबा. माझं तर डोकंच फिरलं.

मावशी उठली. "साहेब, ती खुंटी केवढ्या उंचीवर आहे, तेवढं यांना विचारा."

मालक ताडमाड. त्याने डोक्याच्याही वर हात नेऊन दाखवला. कुठल्या खुंटीला कुणाचा हात पुरतो याचा विचार त्याला जन्मात करावा लागला नव्हता. मावशी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, टाचा उचलल्या, हात ताणला. तो त्याच्या कपाळापर्यंतच पोचला.

"ही मी, सगळी," ती म्हणाली. "माझा ॲप्रन तिथे मी टांगणार कशी? बेकरीत तिसरं माणूस नव्हतं. यांनी तो बटणावरून काढला, दारापर्यंत गेले, नीट टांगला, परत आले. आणि मग चुकून धक्का लागला?"



बँकेचं देणं माफ झालं, मैदावाल्याचंही झालं. मावशीचं राहिलं. बाहेर मालक कुरकुरला, "माझ्याकडे आहे काय द्यायला?"

"थोडं थोडं दे. मी एवढ्यात मरत नाही."

आता मावशीची स्वतःची बेकरी आहे. दर महिन्याला मालक तिथे हप्ता द्यायला येतो. दोन बोटांत नोटा धरणं तिला जड जातं, एखादी खालीही पडते. डावा हात धडधाकट आहे, इतर सगळ्यांचे पैसे ती त्यानेच घेते. मालक आला की मात्र ती उजवा पुढे करते, आणि तो तिच्या हातात नीट ठेवेपर्यंत मागे घेत नाही.