कोंडवाड्यातले बैल आणि सवाष्णीची ओटी

कोंडवाड्याचं ते प्रकरण आठवलं की या वयातही माझी कानशिलं तापतात. आमच्या घरचे ठाणेदार, म्हणजे माझे यजमान, निवृत्त झाल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला नोकरीतल्या हकीकती सांगत. दरोडे सांगत, खून सांगत, हे एक मात्र दर वेळी गाळत. का गाळत ते मला ठाऊक आहे, म्हणून मीच लिहिते. नाव कोणाचंच देणार नाही. ते असते तर रागावले असते. रागावू देत.

लढाईचे दिवस होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आमचं ठाणं कारंजाकडे जाणाऱ्या गाडीरस्त्यावर. कापसाचा हंगाम सुरू झाला की दिवसभर बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. गाडीवान ठाण्याजवळच्या विहिरीवर बैल सोडत, पाणी पाजत, भाकर खात. विहिरीच्या पलीकडेच कोंडवाडा. मोकाट जनावरं कोंडायची, मालकाने दंड आणि चाऱ्याचे पैसे भरून पावती घ्यायची आणि जनावर सोडवायचं, असा कायदा. त्यावर एक मुन्शी नेमलेला.

मी तेव्हा विशीतली. ठाणेदारीण! बदली होऊन आलो आणि गावच्या बायका माझी ओटी भरायला येऊ लागल्या. खण, नारळ, गहू, कधी त्यात चांदीचा रुपया. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावर काहीतरी तेज असणार. आरशात पाहून खात्रीसुद्धा करून घेतली. सवाष्णीने भरलेली ओटी नाकारू नये, ही आईची शिकवण. तिच्या साऱ्या शिकवणींपैकी तेवढी एक मी मन लावून पाळली.

खबर एका गाडीवानाने आणली. म्हणाला, "साहेब, बैल मोकाट नसते जी. आमी भाकर खात बसलो का मुन्शीचा मानूस दावं सोडते अन् हाकलत नेते."

"मग सोडवतोस कसा? पैसे देतोस?"

"नाई जी. देवाशपथ, मुन्शीले एक पैसा नाई देल्ला."

साहेबांनी बऱ्याच गाडीवानांचे जबाब घेतले. सगळ्यांचं हेच उत्तर, आणि सगळे खरं बोलतायत हे दिसत होतं. सराईत खोटारडा ते चेहऱ्यावरून ओळखत. इथे पैसे दिले नाहीत, दंड भरला नाही, पावती नाही आणि तरी बैल सुटले. "मुन्शी काय धर्मशाळा चालवतो का?" असं म्हणत ते जेवताना माझ्यावरच चिडत.

त्याच सुमारास किन्हीराजा गावची एक बाई ठाण्यात आली. नवरा गेलेला. बैलजोडी आणि गाडी तेवढी राहिली होती. लोकांचा कापूस भाड्याने कारंजाला नेऊन ती दोन लेकरं पोसत होती. हंगाम म्हणजे तिचं वर्षाचं पोट. तिचे बैल कोंडवाड्यात होते आणि येत्या बाजारी त्यांचा लिलाव व्हायचा होता. दंड भरायला ती रोज जायची. मुन्शी म्हणायचा, पावतीपुस्तक संपलं, उद्या ये. रोजचा चारा तिच्याच नावावर चढत होता.

साहेब बाहेर गेले होते, म्हणून ती मागच्या दाराशी, माझ्याकडे आली. मी आपली ऐटीत म्हटलं, "इतरांचे बैल सुटतात ते कसे? तुझेच काहून अडले?"

तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "बाकीच्याइच्या बायका मुन्शिनीची ओटी भरते बाईसाहेब. मले कोन भरू देईन?"

 हातातलं सूप मी खाली ठेवलं. रांडावलेल्या बाईने ओटी भरायची नाही. म्हणजे लाच द्यायचं दारसुद्धा हिला बंद! आणि गाडीवान खोटं बोलत नव्हते. मुन्शीला पैसा मिळतच नव्हता. जे काय जायचं ते त्याच्या बायकोच्या पदरात, हळदीकुंकू लावून.

साहेब आल्यावर मी सांगितलं. ते आधी हसले. मग हसायचे थांबले.

सापळा ठरला. आमच्या एका शिपायाची बायको रिठदहून नुकतीच नांदायला आली होती, गावात तिला कोणी ओळखत नव्हतं. तिला किन्हीराजाच्या त्या बाईची भाची केली. खणाच्या कडेला आतून मी लाल दोऱ्याचे टाके घातले आणि पंचांना दाखवले. पोरगी मुन्शीच्या घरी गेली. "मावशीचे बैल अडकले जी," म्हणाली आणि खण, नारळ, वर रुपया अशी ओटी भरली. मुन्शीणबाईंनी तिला पोटभर आशीर्वाद दिले. ती घराबाहेर पडते न पडते तोच कोंडवाड्याचं फाटक उघडलं. ना दंड, ना पावती. साहेबांनी तिथेच मुन्शीचा हात धरला. घरझडतीत टाके घातलेला खण सापडला, आणि त्याच्याखाली खणांची चळत.

चौकशी ठाण्यातच झाली. मी दाराआड कान लावून होते. माझी ती जागा ठरलेलीच.

मुन्शी घाबरला नाही. "ओटी भरनं गुन्हा कधीपासून झाला साहेब?"

"दंडाचे सरकारी पैसे बुडवलेस, त्याचं काय?"

तेव्हा तो भडकला. "पगार लढाईच्या आंधीचा, अन् जवारीचा भाव आताचा! चार लेकरं हायेत, काय माती चारू? ही जागा भेटासाठी वर देल्लं ते कोठून काढू? मोठे साहेब दौऱ्यावर येते, त्याइच्या तंबूले दूध, कोंबड्या, घोड्याले हरभरा कोन पुरवते? भत्ता ते घेते, पुरवतो आमी! गाडीवानाचे बैल नाई कोंडले तं साहेबाचा घोडा काय खाईन?"

 मग त्याने शेवटचं काढलं. "अन् तुमच्या बाईसाहेबाइच्या पेटीतले खन मोजले का तुमी?"

दाराआड माझं तेज एका क्षणात उतरलं. अंगातली चोळी त्याच खणांतली होती. माझी ओटी भरणाऱ्यांत एकीचा नवरा दारूचा गुत्ता चालवायचा, एकीचा भाऊ जामिनावर होता. हे मला ठाऊक होतं, पण आरशापुढे उभी असताना कशाला आठवेल?

मी पेटी उचलली आणि सरळ ठाण्यात नेऊन टेबलावर आदळली. "लिहा पंचनाम्यात."

"आत जा," साहेब म्हणाले.

"नाही जात. त्याचे खण लाच, आणि माझे काय प्रसाद?"

त्यांनी लिहिलं. त्या माणसाचा मला आजही अभिमान आहे तो त्या ओळींसाठी. मुन्शीने दौऱ्याबद्दल जे सांगितलं तेही शब्दन् शब्द लिहिलं. वरून हुकूम आला: मुन्शी बडतर्फ, त्याच्यावर खटला. दौऱ्याचा मजकूर अप्रस्तुत, तो काढावा. बायकांच्या धार्मिक रिवाजांचा मजकूरही काढावा. काही दिवसांत नवा मुन्शी आला, त्याच पगारावर, आणि जागेसाठी वर देऊनच. दौरेही तसेच चालू राहिले. चोर पकडला म्हणायचा आणि चोरीचं दुकान उघडंच ठेवायचं! त्यानंतर माझी ओटी भरायला कोणी आलं की मी नवऱ्याचा धंदा विचारायची. बायका येईनाशा झाल्या.

आणि त्या बाईचे बैल? ते मुद्देमाल झाले. खटल्याचा पुरावा म्हणून पुन्हा त्याच कोंडवाड्यात! मुन्शी घरी बसला आणि बैल आत. जनावरं हाडाला लागली. ती रोज फाटकाशी कडब्याची पेंढी घेऊन उभी, बाहेरून कापसाच्या गाड्या चाललेल्या. शेवटी एके दिवशी मी साहेबांशी जे भांडले तसं जन्मात भांडले नाही. "तुमच्या इमानदारीचा चारासुद्धा तिच्याच नावावर का?" असं मी ओरडले. तेव्हा मॅजिस्ट्रेटकडून हुकूम आणून त्यांनी बैल सुपूर्दनाम्यावर, म्हणजे बोलावतील तेव्हा हजर करायच्या लेखी हमीवर, तिच्या हवाली केले. त्या कागदाला शिक्का मारायला कचेरीतल्या कारकुनाने चहापाणी मागितलं. साहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा शिक्का बसला.

हंगाम अर्धा उरला होता. मी नवी साडी नेसून दारात उभी राहिले. मनात म्हटलं, आता ही येईल, पाया पडेल, डोळे पुसेल. तिने बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, जू चढवलं, गाडीवर बसली आणि माझ्यासमोरून निघून गेली. मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

मी रागाने लाल. रात्री साहेबांना म्हटलं, "बघा, एक शब्द नाही! इतकं केलं तिच्यासाठी!"

ते म्हणाले, "तिचेच बैल तिला मिळाले. शब्द कशाबद्दल हवा होता तुला?"

 मुन्शीला खण हवा होता, मला पाया पडणं हवं होतं. ज्याचं त्याला देताना आपल्याला काहीतरी मिळालंच पाहिजे, हे आम्हा दोघांनाही वाटत होतं. पगार वाढवा, दौरे बंद करा, तेही करायलाच हवं. पण हल्ली कोणा अधिकाऱ्याच्या टेबलापुढे म्हातारी माणसं हात जोडून "उपकार झाले साहेब" म्हणताना दिसली की मला त्या साहेबाचा राग येतोच, त्या म्हाताऱ्यांचाही येतो. वाटतं, ओरडून सांगावं: हात कशाला जोडता? बैल तुमचे आहेत, जू चढवा आणि चालू लागा.