ढोलीचा पत्ता

वेळीपमामांना कुणी काहीही विचारलं की ते आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, “कशाला पायजे?” रामनगरची बस किती वाजता, एवढं विचारलं तरी हेच. त्यात उर्मटपणा नसायचा. कारण कळलं की ते बसची वेळ सांगायचे, वर रस्ता कुठं खचलाय तेही सांगायचे. कारण पटलं नाही, तर सुपारी गालात सारून गप्प.

जोयड्यात धनेश पक्ष्यांच्या ढोलींची नोंद ठेवणारी आमची एक लहान संस्था होती. कौलारू घरातल्या दोन खोल्या, एक संगणक, आमचे सर, मी आणि रानात फिरणारी पाच माणसं. त्या पाचांत मामा वयानं सगळ्यांत मोठे. कुणबी घरातले, कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मी रामनगरच्या दुकानदाराची मुलगी, बेळगावची नोकरी सोडून घरी परतलेली. रानातून आलेली माहिती संगणकात भरायचं काम माझं.

धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. एक फट तेवढी उरते. पिल्लू मोठं होईपर्यंत नर बाहेरून फळं आणतो आणि त्या फटीतून भरवतो. नर आला नाही तर आत सगळंच संपलं. म्हणून ढोलीचा ठावठिकाणा ही आमच्याकडची सगळ्यात जपायची गोष्ट होती. ते मी दहा वेळा टाइप केलं असेल, पण कळलं फार उशिरा.

मामांच्या वहीत झाडांची ठिकाणं नसत, नावं असत. एक ‘बहिरा’, एक ‘रुसलेली’, एक ‘सासूबाई’. खरी जागा ते फक्त सरांना सांगत. मी एकदा चिडून म्हटलं, “मामा, आपल्याच ऑफिसात कुणापासून लपवता?”

“लपवत न्हाई गो बाय. ज्याचं झाड त्याला म्हाईत. दुसऱ्याला म्हाईत असून काय उपेग? एकाद दिवशी तोंडातनं जातंय बघ.”

एका उन्हाळ्यात शहरातून एक गृहस्थ आले. मोठा कॅमेरा, बोलणं मऊ. ढोलीचा फोटो हवा होता. मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला, उत्तर ऐकून घेतलं आणि म्हणाले, “रान मोठं हाय. फिरा.” मला फार ओशाळल्यासारखं झालं. एवढा चांगला माणूस.

पुढच्या चैत्रात त्याच गृहस्थांचा मला फोन आला. शाळांसाठी दिनदर्शिका छापतोय, तुमच्या संस्थेचं नाव घालू, एखादा फोटो द्या. मूळ फोटोच द्या, छपाई स्वच्छ येते. मामांनी ऑफिसच्या मोबाइलवर काढलेला सासूबाईचा फोटो संगणकात होता. मी तो पाठवला. सरांना विचारायचंही सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता.

आठ दिवसांनी मामा भर दुपारी रानातून परत आले आणि पायरीवर बसले. पाणी दिलं तरी घेतलं नाही.

“सासूबाईखाली धा माणसं हायत,” ते म्हणाले. “कॅमेरे लावून.”

फोटो मी पाठवला होता, हे तिथंच सांगितलं. सरांनी संगणकावर तो फोटो उघडला, त्याची माहिती काढली. खाली दोन लांबलचक आकडे होते. फोटो काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश. मोबाइलनं ते आपणहून लिहून ठेवले होते आणि मूळ फोटोबरोबर ते त्या गृहस्थांकडे गेले होते. मामांनी चष्मा पुसला आणि त्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

“हे आपल्याला म्हाईत न्हवतं,” ते म्हणाले.

आपल्याला म्हणाले. तुला म्हणाले नाहीत.

वनखात्याच्या माणसांनी गर्दी हटवली, पण नर बुजला होता. मामा तीन दिवस लांब झुडपात बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मीही गेले. फटीतून चोच बाहेर यायची, वाट बघायची, आत जायची. चौथ्या सकाळी लिंपण फुटून खाली पडलं होतं. मादी उडून गेली होती. पिल्लू आत होतं, मेलेलं. ते झाड कुठल्या बाजूला आहे, हे मी इथं लिहिणार नाही.

वार्षिक अहवालात सर लिहू लागले, ‘अन्य कारणांमुळे एक घरटं अयशस्वी’. त्यांना मला सांभाळून घ्यायचं होतं. मामा समोर उभे राहिले.

“न्हाई सर. आमच्या हातनं ठिकाण गेलं, आसं लिवा. न्हाईतर फुडल्या वर्साला परत जातंय.”

तसंच लिहिलं. सगळ्या मोबाइलांमधली ठिकाणाची नोंद बंद केली. मूळ फोटो बाहेर द्यायचा तर दोघांची संमती लागू लागली. दर सोमवारी मामा माझा मोबाइल हातभर लांब धरून विचारायचे, “बंद हाय न्हवं?” त्या ढोलीत पुढची दोन वर्षं एकही मादी आली नाही.

मग मला धारवाडच्या एका रुग्णालयात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी सरांनी नारळ दिला, चहा झाला, आणि मामा माझ्यादेखत म्हणाले, “सर, बायचं नाव संगणकातनं काडा. आत्ताच.”

मला ते लागलं. सरांनी माझा पासवर्ड बंद केला, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

स्टँडपर्यंत माझी बॅग मामांनीच उचलली. वाटेत म्हणाले, “राग आला?”

“आला.”

“उद्या कोण तरी येईल तुझ्याकडं. वळखीचा आसंल, गोड बोलंल. तुला न्हाई म्हणायला जड जाईल. आता तुझ्याकडं सांगायसारखं कायच न्हाई. सुटलीस बघ.”

बस आली. बॅग वर चढवून ते बाजूला झाले. गणेशगुडी येईपर्यंत माझे डोळे वाहत होते.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. दोन पावसाळ्यांनी ते गेल्याचं सरांनी कळवलं.

रुग्णालयात आता रोग्यांच्या नोंदींचा विभाग माझ्याकडे आहे. नोकरी सोडणाऱ्याचं नाव मी त्याच दिवशी, त्याच्यासमोर काढते. माणसं दुखावतात. काही तर बोलायचं थांबतात. मग मी हातातलं काम ठेवते, त्यांची पिशवी उचलते आणि फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जाते.