अर्धी रिकामी पट्टी

ऑफिसात तिला सगळे पट्टीबाई म्हणत. कोड लिहून देणाऱ्या एआयच्या खिडकीत तळाशी एक बारीक पट्टी असते ना, लक्षात ठेवायची त्याची जागा किती भरली ते सांगणारी? ती हिची. जागा भरली की तो आधीचं विसरायला लागतो. म्हणून पट्टी बघायची आणि वेळेत नवं संभाषण सुरू करायचं. "ती पट्टी आमच्या ताईनं केलीय!" धाकटा भाऊ भेटेल त्याला ऐकवायचा. दवाखान्यांना सॉफ्टवेअर करून द्यायचा त्याचा छोटा धंदा याच एआयवर चालायचा.

पण पट्टी खोटं बोलत होती. माणसानं लिहिलेलं आणि एआयनं दिलेलं उत्तर, तेवढंच ती मोजायची. एआयनं मधेच उघडून वाचलेल्या फाइलीही तीच जागा खातात, त्या कोण मोजणार, हिचा काका? चूक सापडली तशी ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "खरा आकडा बघून लोक घाबरतील. राहू दे ना." आणि बाईसाहेबांनी राहू दिलं!

मग व्हायचं तेच झालं. पेशंटच्या जुन्या नोंदींना हात लावायचा नाही, असं भावानं एआयला सुरुवातीलाच बजावलं होतं. पट्टी अर्धी रिकामी दिसत होती, म्हणून तो निर्धास्त काम करत राहिला. आत जागा कधीच भरली होती. एआय ते बजावणं विसरला आणि नोंदी पुसून मोकळा झाला. बॅकअप होता तोही जुनापुराणा. दवाखान्यानं भावाला हाकललं, पाठोपाठ बाकीचेही गेले.

"ताई, पट्टी तर अर्धी रिकामी होती गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

आणि ही काय म्हणाली? "तूच नीट बघितलं नसशील. लहानपणापासूनचा वेंधळा तू."

त्यानं ते मानलं हो! आईही येताजाता त्याला वेंधळा म्हणायला लागली. ही खाली मान घालून जेवत राहायची. शेवटी धंदा गुंडाळून तो दुसऱ्याच्या हाताखाली राबायला लागला.

पुढे एका बड्या ग्राहकानं आरडाओरडा केला, तेव्हा साहेबांना एकाएकी खरेपणाचा पुळका आला. तिनं दुपारभरात दुरुस्ती केली. इतकंच होतं ते काम! सगळ्यांना सूचना गेली: 'पट्टी आता उघडलेल्या फाइलीही मोजते.' ऑफिसात टाळ्या झाल्या.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "म्हणजे आधी मोजत नव्हती?"

"नव्हती."

"तुला कधी कळलं?"

"तुझं ते व्हायच्या आधी."

तिला रडू फुटलं. "अरे, बोल ना रे. शिव्या दे हवं तर."

"नाही, कशाला," तो म्हणाला. "ठेवतो, मॅडम."