गयामावशींच्या दारातलं पाणी

मैदानात नाटक करणाऱ्यांच्या टाळ्या गावातच राहतात, किस्से मात्र टेम्पोत बसून आपल्याबरोबर परत येतात! परभणीच्या आमच्या ग्रुपने पुरावरचं नाटक बसवलं आणि किस्सेच इतके झाले की टेम्पोत बसायला जागा उरली नाही. कारण एकच, आमच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

* * *

आमचा दिलीप नाटकात नदी व्हायचा. अंगभर निळा रंग. पाथरीजवळ टेम्पो बंद पडला, म्हणून त्याने जीपला हात केला.

जीपवाला म्हणाला, "तोंड रंगवून कुणापासून पळायलाव?"

"पळत नाही हो, मी नदी आहे!"

"मग वाहत जा की!"

जीप गेली.

* * *

येलदरी धरणाच्या खाली, पूर्णेकाठच्या एका गावात प्रयोग होता. पूर जिथवर चढला, तिथवर घरोघरच्या भिंतींवर निळ्या कापडाची पट्टी बांधायची आणि तिच्याखाली नाटक करायचं, अशी आयडिया. मेंढरं घेऊन चाललेले एक मामा थांबले.

"तिकीट केवढ्याला?"

"फुकट आहे मामा."

"फुकट? मग खरं सांगा, गाव कधी उठवायलाव?"

झालं! पट्टीखालची घरं हलवणार, असा गावभर बोभाटा.

* * *

अंदाजाने पट्ट्या बांधून आम्ही जेवून आलो तर त्या जागच्या हललेल्या. ज्यांना गाव सोडायचं नव्हतं त्यांच्या उंबऱ्याला, आणि ज्यांना वरच्या अंगाला नवीन घर हवं होतं त्यांच्या थेट पत्र्याला! दोन शेजाऱ्यांच्या पाण्यात पुरुषभर फरक.

दिलीप वैतागला. "असली नदी मला जमणार नाही!"

* * *

नदीकडून पहिलं घर गयामावशींचं. नवऱ्यामागे त्यांना तेवढंच उरलेलं. त्यांची पट्टी उंबऱ्याला.

"मावशी, खरंच एवढंच पाणी आलं होतं?"

"पायरी भिजली निस्ती."

प्रयोग संपल्यावर त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं आणि दारातच दुरडी पुढे केली. "फोन टाका हितं."

टाकले. त्यांनी वर जुनं लुगडं घातलं. मग इकडेतिकडे बघून पट्टी सोडली, स्टुलावर चढल्या आणि चौकटीच्याही वर, हात पुरेल तिथवर भिंतीला लावून धरली.

"इतकं आलतं. शेळ्या गेल्या माज्या. मी पत्र्यावर हुते."

दिलीप रंगासकट रडत होता.

मावशी उतरल्या, पट्टी पुन्हा उंबऱ्याला बांधली, गाठ ओढून पाहिली. मग दुरडीवरचं लुगडं काढलं.

"घ्या. आता काढा फोटू."