पाळण्याच्या दाराला माझी ओढणी आहे

बायांनो, आज वाशीच्या मेळ्याला लेकरं घेऊन निघाला असाल तर आधी हे वाचा.

दुपारी मी आणि माझी लेक सानिया आकाशपाळण्यात बसलो. दाराची कडी काही लागंना. पाळणा चालवणाऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "ओढणी हाय न्हवं? बांधा तिनं. समदेच बांधतेत."

मागं रांग खोळंबली होती. मीही येड्यासारखी बांधली.

वर गेलो आणि गाठ सरकायला लागली. एका हातानं सानियाला धरलं, दुसऱ्यानं दार. "थांबवा!" म्हणून ओरडले. खालून तो हसला, "पहिल्यांदा बसलात का ताई?" सानिया रडत नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती. त्याचीच जास्त भीती वाटली.

उतरल्यावर तिकीटवाल्याला सांगितलं. "मालक जेवायला गेलेत," म्हणत त्यानं मोबाईल बघितला.

तोवर आमच्याच पाळण्यात एक बाई दोन लेकरं घेऊन बसली. "नका बसू," म्हटलं, तर म्हणाली, "लेकरं ऐकंनात हो." चालवणाऱ्यानं माझ्यापुढं हात केला, "ताई, ओढणी द्या. ह्या साडीवर हायेत."

मी दिली. दिली नसती तरी त्यानं त्यांना वर सोडलंच असतं. वर न बघता मी सानियाला घेऊन निघून आले.

ओढणी हिरवी आहे, एका टोकाला विरलेली. ते त्या बाईला सांगायचं राहूनच गेलं. आत्ता तिथं कुणी आहे का?